जर्मनी उठल्याशिवाय कोणी बसायचं नाही

गाड्या बाळगणारी माणसं भिवंडीत ढिगानं सापडतील, पण गाडीपुढे हात बांधून उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्याच घरचा जावई निघाला. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भिवंडीजवळच्या वडपे गावचे भावोजी. अंगानं आडवे, मिशा भरघोस, आणि आवाज असा की हायवेच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला अलीकडून सहज बोलावतील. गावात भांडण लागलं आणि भावोजी नुसते खाकरले तरी निम्मं भांडण मिटायचं. असा हा दांडगा माणूस रोज सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून अंगणात यायचा आणि एका जुन्या, निळ्या, परदेशी गाडीसमोर ती जमिनीवरून उठण्याची वाट बघत उभा राहायचा. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. पुढे हसू कमी होत गेलं आणि त्या जागी जे आलं त्याला आदर हा शब्दही मला जरा तोकडाच वाटतो.

गाडी उठायची, हे मी अगदी जसंच्या तसं सांगतोय. तिला इतर गाड्यांसारख्या लोखंडी स्प्रिंगा नव्हत्या. चारी चाकांपाशी रबराचे जाड फुगे होते, एक पंप त्यांत हवा भरायचा आणि गाडी त्या हवेवर तरंगायची. तरुणपणी हा मोठा थाट असणार, पण वय झालं की फुगे गळायला लागतात. रात्रभरात हवा निघून जायची आणि सकाळी ती अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखी चाकं पोटाखाली घेऊन अंगणात बसलेली असायची. भावोजी किल्ली फिरवायचे, मग बाहेर येऊन उभे राहायचे. पंप घरघरायला लागायचा. आधी मागची बाजू उठायची, थोडा विचार करून पुढची, आणि सर्वांत शेवटी पुढचा डावा खांदा. तो फार आळशी होता. हे सगळं होईपर्यंत आत कोणी बसायचं नाही, असा वडप्याच्या घरचा कायदा होता, कारण माणसांच्या वजनानं पंप जळतो असं गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं. लग्नाचा मुहूर्त टळत असो की शेजारच्या म्हातारीला दवाखान्यात न्यायचं असो, सगळी मंडळी अंगणात चपला घालून गाडीच्या डाव्या खांद्याकडे टक लावून उभी. आम्ही तिला 'जर्मनी' म्हणायचो, भावोजी मात्र अदबीनं 'बाई' म्हणत. "बसा, बसा, बाई आजून उठली न्हाय," असं ते ओट्यावरून सांगायचे तेव्हा नवखा पाहुणा चमकून आत बघायचा, आणि पहाटेपासून चुलीपुढे भाकऱ्या थापणारी आमची ताई कपाळावर हात मारून घ्यायची.

ही गाडी त्यांच्याकडे आली दोन हजार सालानंतर, वडप्याच्या शेतांत भाताऐवजी गोदामं उगवायला लागली त्या दिवसांत. ज्याच्या त्याच्या दारात नवी कोरी जीप आली, बॉनेटला हार, आरशाला लिंबू-मिरची. भावोजींच्या जमिनीवर मुंबईच्या एका शेठचं गोदाम होतं. त्या शेठनं नवी गाडी घेतली आणि जुनी विकायला काढली, ती भावोजींनी घेतली. किल्ली हातात देताना शेठच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. भावोजींना वाटलं, बिचाऱ्याला गाडीचा लळा आहे. ते सुटकेचं पाणी होतं हे आम्हाला पहिल्या महिन्यातच कळलं. एवढ्या पैशात नवी जीप आली असती, जुनी कशाला घेतली, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, मी तिच्यात येकदा बसलू. तेलाचा वास न्हाय, डिझेलचा वास न्हाय. अशी बी गाडी असते, ह्या मना ठावंच नव्हता." मी भिवंडीतल्या शाळेत शिकवतो, म्हणून त्यांच्या लेखी माझं नाव मास्तर. त्या वेळी मला हे उत्तर वेडगळ वाटलं.

आता थोडं मागं जायला हवं, कारण ह्या गाडीच्या आधी एक टेम्पो होता. ताईचं लग्न झालं तेव्हा भावोजींकडे गोदाम नव्हतं, भाडंही नव्हतं. ते टेम्पो चालवायचे. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमधून बीम उचलायचे आणि भिवंडीच्या गल्ल्यांतून लूमच्या खात्यांवर, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यांवर, पोचवायचे. बीम म्हणजे उभ्या धाग्यांचं ते भलंमोठं रीळ, चार माणसांनी उचलायचं. लग्नाच्या दिवशी नवरीसाठी ठरवलेली जीप आलीच नाही. तिच्या मालकाला त्याच मुहूर्ताचं दुसरं मोठं वऱ्हाड मिळालं होतं. मग भावोजींनी आपला टेम्पो साबण लावून धुतला, केळीचे खांब बांधले, मागं गादी घातली, आणि माझी बहीण त्यात बसून सासरी गेली. पाचव्या दिवशी ती पाचपरतावणाला माहेरी आली. आईनं शालू घडी करायला उलगडला, तर मागच्या बाजूला ताटाएवढा काळा डाग. टेम्पोच्या फळ्यांत वर्षानुवर्षं मुरलेलं लूमचं तेल गादीतून वर आलं होतं. आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, तो डाग बोटानं चोळून बघितला. मग म्हणाले, "बीमला तेल लागलं तर मालक माल परत पाठवतो. मुलगी काही परत घेता येत नाही. पण ह्या माणसाच्या गाडीत मी जन्मात पाय ठेवणार नाही." भावोजी ओट्यावर चपला काढत होते. त्यांनी ते ऐकलं. आत आले, पाया पडले, खाली मान घालून जेवले आणि त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि पुढे कधीच नाही.

आबांचा शब्द म्हणजे काय चीज होती ते कळायला आबा माहीत हवेत. भिवंडी डेपोतून ते एसटीचे कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते, पण ते डेपोतल्या कागदांपुरतं. घरात त्यांची ड्युटी चालूच होती. दारात गर्दी झाली की "आत सरका, आत जागा आहे." जेवायला बसले की तोंडानं बोलायचे नाहीत. ताटाच्या कडेवर बोटानं एक ठोका मारला म्हणजे थांबा, दोन मारले म्हणजे येऊ द्या. एसटीत एक घंटा थांबायची आणि दोन घंटा निघायची, तोच कायदा आमटीला. आईनं संसारभर त्या ठोक्यांवर वाढलं. ह्या माणसानं एकदा गाडीत पाय ठेवणार नाही म्हटल्यावर नाहीच ठेवला. जावयाशी बोलणं उत्तम, दिवाळीला ओवाळणी उत्तम, भावोजींच्या हातचं मटण तर आबा मिटक्या मारून खायचे, पण वडप्याला जायचं तर एसटीनं आणि परत यायचं तर एसटीनं. भावोजींचा टेम्पो गेला, जीप आली, जीप गेली, जर्मनी आली. आबा प्रत्येक गाडीच्या बाजूनं, तिला अंग न लावता, छत्री टेकत थांब्याकडे चालत जायचे. भावोजी त्यांच्यामागून थांब्यापर्यंत यायचे, बस येईपर्यंत उभे राहायचे आणि "सांबालून जा आबा" म्हणून परतायचे.

तर जर्मनीचे नखरे. पहिला म्हणजे पुढच्या काचेखालचा पडदा. त्यावर ती सतत काहीतरी लिहायची, आणि तेही तिच्या भाषेत, म्हणजे जर्मनमध्ये. शेठनं ती तशीच बाहेरून आणवली होती, भाषा बदलायची खटपट कोणी केलीच नव्हती. भावोजी रंगावरून अर्थ लावायचे. पिवळं आलं म्हणजे कुरकुर, लाल आलं म्हणजे रुसवा. एकदा महिनाभर पिवळं एक वाक्य हटेना, तेव्हा ब्रेक गेले असावेत ह्या समजुतीनं ते गाडी बैलगाडीच्या चालीनं चालवत होते, मागून ट्रकवाले शिव्या घालत होते. मी वाचनालयातून शब्दकोश आणून अर्थ लावला तर निघालं, मागचा एक दिवा लागत नाही. "येवढाच?" भावोजी म्हणाले, आणि पडद्याकडे वळून, "आगं मंग नीट सांगाचा ना बाई, मी घाबारलू कती!" त्यांच्या आवाजात राग नव्हता, हे मला विशेष वाटलं. शर्टाचं बटण नीट शिवलं नाही म्हणून मी घर डोक्यावर घेतो.

दुसरा नखरा भुकेचा. पेट्रोल पंपावर जर्मनी वळली की तिथला माणूस उठून उभा राहायचा आणि खुर्ची पुसायचा. शिवाय ती उभ्या उभ्याही खायची. दोन दिवस हलवली नाही तर बॅटरी रिकामी, बॅटरी गेली की कुलूप उघडेना, आणि कुलूप उघडलं नाही की बॅटरी चार्ज करायची कशी? त्यावर भावोजींनी उपाय काढला, गाडीला कायमची वायर लावून ठेवायची. त्या दिवसांत लोडशेडिंगचा कहर होता. वीज आली की सगळं गाव धावत पंप लावी, गिरणीत जाई, आणि भावोजी आधी जर्मनीची वायर तपासायचे. "घरात माणसं काळोखात चाचपडतात आणि ही बया अंगणात दिवे लावून बसलीय," ताई म्हणायची. छताला एक सरकती काच होती, तिच्या कडेनं पावसाळ्यात पाणी यायचं. मागच्या सीटवर मध्ये बसणाऱ्यानं मांडीवर पातेलं घ्यायचं, हे ठरलेलं. एकदा तो मान माझ्या वाट्याला आला. कल्याणला एका साखरपुड्याला आम्ही पोचलो तेव्हा नव्या झब्ब्यात, हातात पाण्यानं भरलेलं पातेलं घेऊन उतरणारा मी वरपक्षाला कोण वाटलो असेन, ते देव जाणे. कोणीतरी मला थेट स्वयंपाकघराचा रस्ता दाखवला.

खड्ड्यांचं तर बोलायलाच नको. आमच्याकडचे रस्ते ट्रकांनी नांगरलेले. खड्डा दिसला की भावोजी गाडी थांबवायचे, उतरून खड्ड्याभोवती एक फेरी मारायचे, खोली चपलेनं मापायचे, आणि मग आम्हाला म्हणायचे, "उतरा रं जरा." सगळ्यांनी उतरायचं, भावोजी रिकामी गाडी हळूच पार करणार, आम्ही चालत पलीकडे जाऊन पुन्हा बसणार. त्या आलिशान गाडीतून मी जितका प्रवास केला, त्यातला बराचसा पायी केला.

एवढं करूनही काहीतरी मोडायचंच. नाक्यावर ट्रकचं गॅरेज चालवणारे एक चाचा होते, त्यांच्याकडे जर्मनी जायची. तिचा आजार त्यांना बहुतेक वेळा कळायचा नाही, आणि ते तसं खुल्या दिलानं सांगायचे. सुटा भाग मुंबईहून यायचा, मुंबईत नसला तर समुद्रापलीकडून. खोका जेवढा लहान तेवढी किंमत मोठी. भावोजींच्या गोदामाचं भाडं महिन्याच्या महिन्याला यायचं आणि बरंचसं ह्या खोक्यांत जायचं. त्यांनी भागांना महिन्यांचीच नावं दिली होती. "ह्यो फुगा आशाढ, त्यो पंप शरावन," असं ते बॉनेट उघडून पाहुण्यांना दाखवायचे, घराण्याचे फोटो दाखवावेत तसं. चाचा एकदा वैतागून म्हणाले, "ये गाडी नहीं है सेठ, जमाई है जमाई! जितना खिलाओ, उतना मुँह फुलाके बैठेगी." मी फिस्सकन हसलो. भावोजी हसले नाहीत. गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाले, "चाचा, जमाई का भी कुछ दुखता होगा."

अजून दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. पुढची डावी सीट आपोआप गरम व्हायची. थंड देशातल्या लोकांसाठी ती सोय होती, पण तिचं बटण आतून बिघडलं आणि सीट बारमाही तापलेली. वैशाखात त्या सीटवर बसणाऱ्याचे हाल कुत्रा खात नसे. भावोजी मात्र तिला मानाची सीट म्हणायचे, "कंबार मोकली व्हते" म्हणून आग्रहानं बसवायचे. आणि दुसरी, त्यांचा पांढरा रुमाल. कोणीही गाडीत बसायच्या आधी भावोजी खिशातून स्वच्छ पांढरा रुमाल काढून त्या सीटवरून दाबून फिरवायचे आणि बसणाऱ्याला उलगडून दाखवायचे. बायकामाणसांना तर दोन्ही बाजूंनी. समोरच्यानं मान हलवली की मग दार उघडून धरायचे. आम्ही ह्या रुमालावर खूप चेष्टा केली. मी स्वतः त्यांची नक्कल करून भाच्यांना हसवायचो. त्या रुमालाकडे मी इतकी वर्षं बघितलं आणि माझ्या डोक्यात काही म्हणून आलं नाही.

आबांचे गुडघे धरायला लागले तसे ते दर महिन्याला वज्रेश्वरीला जायला लागले. देवीला हात जोडायचे आणि गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचं. चार दिवस बरे जायचे. जायचे अर्थात एसटीनं. भावोजी प्रत्येक वेळी निरोप पाठवायचे, "आबांना सांग, मी नेतो. कुंड तर गाडीतच हाय, येताजाता बी शेक." आबा म्हणायचे, "जावईबापूंना सांग, पास आहे माझ्याकडे." असं चालत राहिलं असतं, पण एक दिवस डेपोत आबा बसची पायरी चढायला गेले आणि पाय उचलेचना. दांडी धरून तसेच उभे. मागून गर्दीतल्या कोणीतरी म्हटलं, "ओ आजोबा, चढा ना पटापट, नाहीतर बाजूला व्हा." आयुष्यभर लोकांना "चला, पटापट चढा" म्हणणारा माणूस बाजूला झाला. गाडी सुटली, त्यांनी ती जाऊ दिली, घरी आले आणि पास आईच्या हातात देऊन म्हणाले, ठेव हा कुठंतरी. त्यानंतर त्यांनी वज्रेश्वरीचं नाव काढलं नाही. ताटावरचे दोन ठोकेही बंद झाले. पहिल्या वाढणीलाच एक ठोका पडायचा. आई पदरानं डोळे टिपायची. मी आबांना रिक्षा सुचवली, भाड्याची गाडी सुचवली. ते ऐकलं न ऐकलं करायचे. सरळ सांगायचं तर आमचा बाप आमच्यासमोर विझत चालला होता आणि आम्हाला काही सुचत नव्हतं.

मी ताईला सांगितलं, ताईनं भावोजींना. भावोजींनी निरोप पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते ताईला घेऊन जर्मनीसकट आमच्या गल्लीत हजर झाले. आमची गल्ली दोन लूमखात्यांच्या मधली, दिवसरात्र खटखट. गाडी दाराला लावली, जेवले आणि म्हणाले, आज हतंच ऱ्हातो. इतक्या वर्षांत ते सासरी मुक्कामाला राहिले नव्हते. मला वाटलं, गाडीत काहीतरी बिघडलं असेल.

सकाळी जर्मनी अर्थातच आमच्या दारात पोट टेकून बसलेली. शिफ्ट सुटलेले कामगार, अंगावर कापसाची लव घेऊन, ही काय वस्तू म्हणून जमले होते. आबा ओट्यावर बसून दात घासत होते. भावोजी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बाहेर आले आणि आबांसमोर उभे राहिले. हायवेपलीकडे ऐकू जाणारा तो आवाज त्या दिवशी लूमच्या खटखटीत मला कान देऊन ऐकावा लागला.

"आबा, वज्रेसरीला जावाचा हाय. हिला पायरी न्हाय. आता खाली बसली हाय, तुमी नुसता टेकाचा."

मग भावोजींनी खिशातून पांढरा रुमाल काढला. डाव्या सीटवरून फिरवला, पाठीवरून फिरवला, कोपऱ्यांत बोट घालून फिरवला. घडी मोडून रुमाल आबांपुढे दोन्ही हातांनी धरला. एका बाजूनं दाखवला, उलटून दुसऱ्या बाजूनं दाखवला. दारात ताई उभी होती, तिनं तोंड फिरवून घेतलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि आजवर केलेल्या सगळ्या नकला आठवल्या. हा माणूस त्या पाचपरतावणाच्या दिवसापासून आबांना उत्तर देत होता. दर वेळी दुसऱ्याच कोणाला तरी रुमाल दाखवत होता, आणि ज्याला दाखवायचा तो एसटीच्या थांब्यावर उभा होता.

आबांनी रुमाल हातात घेतला. चष्म्याजवळ नेऊन बघितला, तिकीट तपासावं तसा. नीट चार घड्या केल्या आणि स्वतःच्या खिशात ठेवला. मग आईला हाक मारली, "माझी टोपी दे."

मी पुढं झालो. "भावोजी, आधी गाडी उठवा ना. हे बसले तर पंप..."

"जलू दे," भावोजी म्हणाले.

आबा पाठमोरे होऊन सीटवर टेकले, मी त्यांचे पाय उचलून आत घेतले. भावोजींनी दार लावलं, पलीकडून जाऊन बसले आणि किल्ली फिरवली. पंप घरघरला. दमून दमून घरघरला. गाडी हलेना. कामगार पुढं सरकले. मग मागची बाजू थरथरत वर आली, पुढची आली, आणि डावा खांदा, तोच आळशी खांदा, नेमका आबांच्या खालचा, तसाच. भावोजींनी डोळे मिटले होते. आणि हळूहळू, पालखी खांद्यावर घ्यावी तशी, जर्मनीनं आमच्या आबांना उचललं. टोपी घातलेलं ते डोकं काचेमागून वर वर आलं. आबांनी एका हातानं दारावरची दांडी धरली होती आणि चेहऱ्यावर असं काही होतं की माझे हात आपोआप जोडले गेले. "उठ गयी! बाबा को लेके उठ गयी!" एक कामगार ओरडला. आबांनी खिडकीची काच नीट पाहिली, आणि अंगठीनं तिच्यावर दोन ठोके मारले. टक टक.

वाटेत अंबाडी गावाच्या अलीकडे मोठा खड्डा आला. भावोजींनी गाडी थांबवली, ताई आणि मी सवयीनं उतरलो. आबाही दाराकडे हात न्यायला लागले तेव्हा भावोजी म्हणाले, "तुमी बसा, आबा." आम्ही दोघं चालत गेलो आणि आबा गाडीत बसून, झुलत, खड्ड्यातून पार झाले. कुंडावर सासरे-जावई शेजारी शेजारी, धोतर आणि विजार वर करून, पाण्यात पाय सोडून बसले. मग आबा म्हणाले, "तुमच्या गाडीची सीट गरम होते."

"व्हय आबा. बिघाड हाय तो."

"राहू द्या. दुरुस्त करू नका."

पुढे दोन वर्षं आबा दर महिन्याला जर्मनीनं गेले. वाटेत भावोजींना थांबे सांगायचे, उशीर झाला की घड्याळ दाखवायचे, आणि निघताना काचेवर दोन ठोके दिल्याशिवाय गाडी सुटायची नाही. आमटीलाही पुन्हा दोन ठोके मिळायला लागले होते. आबा गेले तेव्हा त्यांच्या कोटाच्या खिशात कधीतरी आईकडून परत मागून घेतलेला एसटीचा पास आणि तो पांढरा रुमाल एकत्र सापडला.

त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी जर्मनी उठली नाही. पंप जळला होता. नवा मागवता आला असता, भाडं येतच होतं, पण भावोजींनी मागवला नाही. आता ती वडप्याला पेंढ्याच्या उडवीशेजारी ताडपत्रीखाली बसलेली असते. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा एक भंगारवाला तिच्या बॉनेटवर बोटं वाजवत उभा होता, आणि ताई म्हणत होती, देऊन टाका हो एकदा, मला मिरच्या वाळवायला जागा होईल. भावोजींनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, आबांनी हिला दोन ठोके दिलेत. थांब म्हनून येक ठोका द्याचा, त्यो बी कंडक्टरनीच द्याचा असतो. मी ड्रायवर मानूस."

ताडपत्री बाजूला करून त्यांनी डावं दार उघडलं. खिशातून नवा पांढरा रुमाल काढून सीटवरून फिरवला आणि मला दाखवला. त्यावर थोडी धूळ होती. मी मान हलवली आणि आत जाऊन बसलो. सीट थंडगार होती.